एवढेसे पितळ

गेल्या दिवाळीची गोष्ट. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी एक ठरलेला सोहळा असतो. माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरवायची, चिंच लावून घासायची आणि ओसरीवर उन्हात ओळीने पालथी घालायची. वर्षभर ही भांडी कुणी वापरत नाही. स्वयंपाक स्टीलच्या भांड्यांत होतो, पाणी प्लॅस्टिकच्या पिंपात असते. पण त्या एका दिवशी घराला जुना सोनेरी रंग चढतो. या सदराच्या जुन्या वाचकांना माझी आई ठाऊक आहेच. त्या दिवशी ती सेनापती असते, आणि मराठी साहित्याचा प्राध्यापक असलेला तिचा धाकटा मुलगा हा तिचा चिंच कोळणारा शिपाई असतो.

मी असा कोपरापर्यंत चिंचेत बुडालेला असताना माझा पुतण्या समोर येऊन उभा राहिला. चार वर्षे तो तैवानात आहे. दिवाळीसाठी आदल्या रात्रीच नागपूरला विमानाने उतरून घरी आला होता. काही न बोलता त्याने खिशातून एक वस्तू काढली आणि माझ्या ओल्या तळहातावर ठेवली.

"काका, ओळखा पाहू."

ती वस्तू गव्हाच्या दोन दाण्यांएवढी होती. एका टोकाला टोपी, मधून आरपार भोक, टोपीवर एक बारीक खाच. मला वाटले, बायकांच्या दागिन्यातला काही मणी असावा. मी तसे म्हणालो. तो हसला.

"निपल आहे. सायकलच्या चाकाचा आरा रिमला ज्याच्यानं आवळतात ना, ते. आणि काका, पितळेचं आहे."

आता सायकल मीही शाळेच्या दिवसांत पुष्कळ चालवली आहे. खांब तलावाच्या बाजूला एक सायकलवाला बसत असे. चाक वेडेवाकडे फिरू लागले की आपण म्हणायचे, "भाऊ, चाक आऊट झालं," आणि त्याने चाक उलटे टांगून, एक चपटी किल्ली घेऊन, इथे एक पीळ, तिथे अर्धा पीळ असे करीत आऊट काढायचा. तो जे पिळत असे ते हे निपल, हे मला चाळिशी उलटल्यावर त्या दिवशी कळले. आणि ते पितळेचे असते, हे तर भंडाऱ्याच्या माणसाने मरेपर्यंत न कळू देणे लाजिरवाणेच! कारण भंडारा हे पितळेचे गाव. भाणे म्हणजे पितळेचे ताट, आणि त्या भाण्यावरूनच गावाला नाव पडले, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. वर्गात ती मी दरवर्षी सांगतो.

हे निपल पितळेचेच का, असे मी विचारले. त्याने उत्साहाने सांगितले. आरा पोलादाचा. पोलादावर पोलादाचे आटे फिरवले तर ते एकमेकांना धरून बसतात, पाण्याने गंजतात, आणि मग चाक सरळ करता येत नाही. पितळ गंजत नाही आणि पोलादावर मऊपणे फिरते. अॅल्युमिनियमचीही निपले निघतात. ती वजनाला हलकी, पण टिकाऊपणात पितळेच्या मागे. "आणि माउंटन बाइक म्हणजे काका, तुमची कॉलेजला जायची सायकल नव्हे. दगडगोट्यांवरून, डोंगरउतारावरून उड्या मारत खाली येते ती. प्रत्येक धक्का आऱ्यांवर. तिथं पितळच भरवशाचं."

एवढे बोलून तो थांबला. मग खाली पाहत म्हणाला, "मला स्वतःचा कारखाना काढायचाय. तिकडेच, ताइचुंगला. मागच्या आवारातली कारखान्याची जागा विकायची म्हणतो. बाबांनी होकार दिलाय. आजी म्हणते, काकाला विचार. तुमची सही लागेल."

सही! वाचकहो, प्राध्यापकाला सहीचे काही वाटू नये. हजेरीपटावर, उत्तरपत्रिकांवर, बोनाफाइडच्या दाखल्यांवर आम्ही दिवसाकाठी शेकड्याने सह्या करतो. पण त्या शब्दाने माझा हात चिंचेत तसाच थबकला. त्याचे कारण सांगायचे तर जरा मागे जावे लागेल.

आमच्या घरामागे जे पत्र्याचे छप्पर आहे, तो आजोबांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक भट्टी, चार मुशी, दोन ऐरणी आणि हातोड्यांची एक फळी. तांबे आणि जस्त वितळवून पितळ करायचे, आणि त्यातून गुंड, गंज, घागरी, ताटे घडवायची. माझे बालपण हातोड्याच्या ठोक्यांवर गेले. पहाटे ते ठोके ऐकू आले नाहीत तर मला जाग येत नसे. पुढे स्टील आले. ते स्वस्त, त्याला कल्हई नको, चिंच नको. लग्नात मुलीला पितळेचा गुंड देणारे गाव स्टीलचे डबे देऊ लागले. लोक जुने पितळ मोडीत घालण्यासाठी आणू लागले, आणि आजोबांनी घडवलेली भांडी वडिलांनी वजनावर विकत घेऊन पुन्हा वितळवली. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

पण वडील हार मानणारे नव्हते. मी नुकताच प्राध्यापक झालो होतो, २००५ सालची गोष्ट. एका संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, भांड्यांचे दिवस गेले. आपण पितळेचे सुटे भाग करू. नळाचे, पंपाचे, शेगडीचे. एक लेथ घ्यावा लागेल. कर्ज मिळते आहे, पण पगारदार जामीन हवा. तू सही करशील का?

मी विचार करून सांगतो म्हणालो. आठ दिवस विचार केला. मग नाही म्हणालो. कारणे सगळी चांगली होती. माझी नोकरी नवी होती, बायको गरोदर होती, वडिलांचे वय झाले होते. वडील "बरं" म्हणाले आणि तो विषय पुन्हा त्यांनी कधीही काढला नाही. दुसऱ्या वर्षी भट्टी बंद झाली. २०११ साली ते गेले. आईने या गोष्टीबद्दल मला एका शब्दाने कधी टोकले नाही. टोकले असते तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

आता तुम्हाला कळेल की पुतण्याला मी लगेच काही उत्तर का दिले नाही. "उद्या बोलू" म्हणालो आणि चिंच कोळू लागलो.

प्राध्यापकाची एक खोड असते. आयुष्यात पेच पडला की तो कपाटाकडे जातो. त्या रात्री मी पुस्तकांत आधार शोधू लागलो; अर्थात नकाराला आधार. धंदाच करायचा तर स्वदेशात कर, हे त्याला पटवण्यासाठी मला एक भारदस्त उदाहरण हवे होते. आणि सायकल म्हटल्यावर मराठी माणसाला दुसरे कोण आठवणार? लक्ष्मणराव किर्लोस्कर!

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे निघाले. तेव्हा त्यांनी यंत्रांची रेखाटने काढण्याची विद्या धरली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. म्हणजे आमच्याच जातकुळीतले, मास्तर! पुढे हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडले. त्यांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर बेळगावात सायकलचे दुकान थाटले होते, १८८८ साली. ही तारीख नीट पाहा. ज्या साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले त्याच सालची ही गोष्ट. जगात सायकल अजून धड चालायला शिकत होती आणि आमच्या बेळगावात ती विकली जात होती, दुरुस्त होत होती, माणसांना शिकवली जात होती.

मग दुकानातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले, लोखंडी नांगर निघाला. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष उतरते असे शेतकरी म्हणत; पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी पुढे आले. कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर माळजमीन त्यांनी दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिले. निवडुंगाच्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली सुरू केलेले 'किर्लोस्कर खबर' आणि १९३० सालचे 'स्त्री' ही मासिके आम्ही नियतकालिकांच्या इतिहासात शिकवतो. ती याच कारखान्याच्या अंगणातली रोपटी. लोखंडाच्या कारखान्यातून वाङ्मय निघाले, असा विनोद मी वर्गात करतो आणि मुले दरवर्षी हसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अभ्यंगस्नानाआधीच, मी हे सगळे पुतण्याला ऐकवले. शेवटी विजयी मुद्रेने म्हणालो, "पाहिलंस? सायकलपासून सुरुवात केली, पण आपल्या मुलखात. माळावर कारखाना उभा केला, पण परदेशी गेले नाहीत."

त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "काका, पण किर्लोस्करांनी सायकल सोडली ना?"

मी गप्प झालो. खरेच की!

"त्यांच्या दुकानातल्या सायकली विलायतेहून यायच्या. त्यांच्या आसपास गिऱ्हाईक होता शेतकरी, म्हणून त्यांनी नांगर केला. शहाणपणाचंच केलं. ज्यांना वस्तू हवी त्यांच्याजवळ कारखाना काढला. मीही तेच म्हणतोय. माझं गिऱ्हाईक शेतकरी नाही. चाकं बांधणारे कारखाने आहेत आणि ते ताइचुंगला आहेत. मी करणार ते निपल, शेजारी कुणी रिम करतं, पलीकडे कुणी हब, कुणी निकेलचा मुलामा देतं. सकाळी नमुना दिला तर संध्याकाळी चूक सांगतात. इथून पाठवला तर चूक कळायलाच महिना जाईल."

मग त्याने मला दुसऱ्या एका दुकानदाराची गोष्ट सांगितली. ती मला ठाऊक नव्हती. वाचकांपैकी ज्यांच्या मुलांकडे गिअरची सायकल आहे त्यांनी हँडलजवळ, नाहीतर मागच्या चाकाजवळ 'शिमानो' हे नाव वाचले असेल. ते त्या सायकल करणाऱ्या कंपनीचे नाव नव्हे. ते नुसत्या सुट्या भागांवर असते. शोझाबुरो शिमानो हा ओसाकाजवळच्या साकाई गावचा गृहस्थ. साकाई हे लोहारांचे गाव. तिथे शतकानुशतके सुऱ्या आणि तलवारी घडत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानात आली तेव्हा त्याच हातांनी बंदुका केल्या. पुढे बंदुकांचे दिवस गेले आणि जपानात सायकली आल्या, तेव्हा त्या दुरुस्त करायला पुन्हा तेच हात पुढे आले.

"म्हणजे आपल्या भंडाऱ्यासारखंच," मी म्हणालो.

"आपल्यासारखं सुरू झालं," तो म्हणाला, "पण आपल्यासारखं संपलं नाही."

१९२१ साली, सव्विसाव्या वर्षी, शिमानोने बंद पडलेल्या एका सेल्युलॉइडच्या कारखान्यात थोडी जागा भाड्याने घेतली. चाळीस चौरस मीटर, म्हणजे आमचा मागचा पत्र्याचा कारखाना असेल तेवढीच. तिथे त्याने सायकलचा एकच भाग करायचे ठरवले: फ्रीव्हील. पायडल मारणे थांबवले तरी चाक फिरत राहते आणि मागून टिक् टिक् असा आवाज येतो, तो या फ्रीव्हीलचा. आत बारीक खिट्ट्या असतात आणि दातेरी कडे असते. पुढे रेटताना खिट्टी दात्यात अडकते, सोडून दिले की वरून घसरते. करायला अतिशय अवघड, कारण खिट्टीचे पोलाद जरा मऊ पडले की झिजते आणि जरा कडक झाले की तुटते. म्हणूनच त्याने ते निवडले.

"आणि यंत्रसामग्री किती होती माहीत आहे, काका? एक लेथ. तोही त्याचा नव्हता. दुसऱ्या एका लोखंडकामाच्या कारखान्यानं उसना दिला होता."

एक लेथ, तोही उसना! पुतण्या पुढे बोलतच होता. पण माझ्या डोळ्यांपुढे खुर्चीच्या कडेवर बसलेले वडील आले. किर्लोस्करांना औंधचे राजे भेटले, शिमानोला लेथ देणारा शेजारी भेटला. वडिलांना मी भेटलो होतो.

पुतण्याला हे काही ठाऊक नव्हते. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. तो रंगात येऊन सांगत होता. शोझाबुरो १९५८ साली वारला आणि तीन मुलांनी कारभार हाती घेतला. १९६५ साली त्यांनी न्यूयॉर्कला कचेरी उघडली. धाकटा योशिझो अमेरिकेचा व्यवहार पाहू लागला. १९७३ साली सिंगापुरात कारखाना निघाला. तिकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस डोंगरावर, काही हौशी पोरांनी वेगळाच खेळ मांडला होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या जाडजूड टायरच्या जुन्या सायकली भंगारातून आणायच्या, डोंगरावर चढवायच्या आणि धुळीच्या वाटेने भरधाव खाली सोडायच्या. १९७६ पासून त्यांनी शर्यतीच भरवल्या. उतारावर ब्रेक इतका तापे की चाकाच्या तुंब्यातले ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर ग्रीस पुन्हा भरावे लागे. 'पुन्हा भरणे' याच अर्थाचे रिपॅक हे नाव त्या शर्यतीला मिळाले.

१९७९ साली त्यांच्यातल्या गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकलींची कंपनी काढली. सांगाडा नवा बांधून घेतला. पण भाग कुठले आणायचे? ब्रेकची मूठ मोटारसायकलची, दुसरे काही फ्रान्समधल्या प्रवासी सायकलींचे, अशी मोट बांधावी लागे. डोंगरासाठी म्हणून कुणी भाग करतच नव्हते. बड्या कंपन्यांना तो पोरखेळ वाटला. शिमानोंनी मात्र तिकडे लक्ष दिले आणि १९८२ साली खास डोंगरी सायकलीसाठी गिअर, ब्रेक, हब असा पुरा संच बाजारात आणला. १९९६ साली अॅटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये त्या पोरखेळाला पदके मिळू लागली.

मी म्हटले, "म्हणजे तूही शिमानो होणार म्हण की!" बोलण्यात खोच होती, ती मला बोलताबोलताच टोचली.

"नाही काका," तो म्हणाला. "त्यांच्याच देशात सनटूर नावाचा माल करणारी कंपनी होती. साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेणारी जी यंत्रणा असते, तिची जगातली उत्तम रचना त्यांनी शोधली. १९६४ चं पेटंट. वीस वर्षांनी पेटंटची मुदत संपली, शिमानोंनी तीच रचना घेतली, तिला खटक्यानं अचूक बदलणारा गिअर जोडला आणि बाजी मारली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सनटूर दुसऱ्यांच्या हाती गेली. चांगली वस्तू करूनही माणूस बुडतो. मीही बुडू शकतो. म्हणून तर जागा विकतो म्हणालो, उधार नाही मागितलं. बुडालो तर माझ्या वाट्याचं बुडेल, तुमच्या पगाराला हात लागायला नको."

मला वाटते, त्या क्षणी माझा निम्मा निकाल झाला. जो मुलगा यशाच्या गोष्टीबरोबर बुडण्याचीही गोष्ट सांगतो त्याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही. उरलेला निम्मा निकाल आईने केला.

ती इतका वेळ पलीकडे वाती वळत बसली होती. तिने त्याला हाक मारली. "इकडं ये बाप्पा. हे तुहं येवढंसं पितळ, एका सायकलीले किती लागते?"

"एका चाकाला बत्तीस, आजी. दोन चाकं, चौसष्ट."

"अन् वजन?"

"एक नग साधारण ग्रामभर."

आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. पण जन्म पितळ तोलण्यात गेला. तिने उन्हातला तो मोठा गुंड दाखवला. आजोबांच्या हातचा, चार किलोंचा. आमच्या घरातला तो एवढा एकच मोडीतून वाचलेला. क्षणभर ओठ हलवून ती म्हणाली, "म्हंजे ह्या एका गुंडात तुह्या साठ सायकली झाल्या. अन् गुंड तं एकाच घरी पानी भरते." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुह्या आजालेही असेच बारके नग करायचे होते. एक लेथ पायजे होता."

वीस वर्षांत तिने काढलेले ते पहिले वाक्य. त्यात राग नव्हता. पुतण्या चकित होऊन माझ्याकडे पाहू लागला. मग मी त्याला सगळे सांगितले. वडिलांचे येणे, आठ दिवसांचा विचार, माझा नकार. सांगताना मी कारणेही सांगू लागलो होतो. पण ती अर्ध्यावर सोडली. मला स्वतःलाच ती पाठ केल्यासारखी वाटली.

दिवाळी झाल्यावर आम्ही तिघे, दादा, पुतण्या आणि मी, एकत्र बसलो. मी म्हणालो, जागा विकायची नाही. जागा तारण ठेव, कर्ज काढ, आणि जामीन म्हणून मी सही करतो. पुतण्या नको नको म्हणत होता. दादा म्हणाला, "अरे, तुझी मुलगी शिकते आहे, विचार कर." मी म्हणालो, "विचार मागच्या वेळी केला होता." बायकोला मात्र आदल्या रात्रीच विचारले होते. ती म्हणाली, "माझ्या गरोदरपणाचं कारण पुढं करून सासऱ्यांना नाही म्हणालात, हे मला तेव्हा कुणी विचारलं होतं?" यावर मजजवळ उत्तर नव्हते. वीस वर्षांच्या संसारात असे प्रसंग अधूनमधून येतात.

तर अशी ती सही झाली. सही करताना हात कापला हे कबूल करतो. हजेरीपटाच्या आणि जामीनपत्राच्या सहीतला फरक मला त्या दिवशी कळला.

आता वाचक विचारतील, पुढे काय झाले? मोठे काही झाले नाही. फेब्रुवारीत त्याने ताइचुंगच्या एका गल्लीत भाड्याने गाळा घेतला. एक जुना स्वयंचलित लेथ, एक आटे पाडायचे यंत्र, तो आणि एक तिथलाच वयस्कर कारागीर. निपलाच्या आत एका इंचात छप्पन्न आटे असतात. केसाएवढा फरक पडला तरी आरा एक तर अडकतो किंवा सैल पडतो. मेमध्ये त्याने पहिली पेटी चाके बांधणाऱ्या एका कारखान्याला दिली. ती संध्याकाळपर्यंत परत आली. आटे घट्ट झाले होते. रात्री फोनवर त्याचा आवाज बसलेला होता. मी धीराचे काही शोधत होतो, इतक्यात आईने फोन ओढून घेतला. "मोडीत घाल अन् पुन्हा कर," ती म्हणाली. "पितळाचं तेच तं बरं असते. वाया जात नाही." तिसऱ्या खेपेची पेटी कारखान्याने ठेवून घेतली. त्यानंतर आणखी दोन घेतल्या. धंदा म्हणावा एवढे हे अजून नाही. हप्ते आजवर त्यानेच भरले आहेत. तरी दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा संदेश येईपर्यंत माझे वर्गात लक्ष लागत नाही, आणि मुले ते ओळखतात.

तो परत येईल का, मागच्या छपराखाली कधी एखादा लेथ फिरेल का, हे मी त्याला विचारलेले नाही. त्याने कबूल केलेले नाही, आणि केले तरी मी त्यावर फार भिस्त ठेवणार नाही. परक्या मुलखात एकाच लहान वस्तूवर पोट भरणे हे इतके अवघड काम आहे की त्यावर घराण्याच्या परंपरेचे ओझे आणखी कशाला? किर्लोस्कर बेळगाव सोडून माळावर गेले; हा वैनगंगा ओलांडून समुद्रापार गेला. ज्याला जिथे काम सापडते तिथे त्याचा माळ असतो.

मात्र एक गोष्ट सांगायची राहिली. गेल्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला आईने चौरंगावर नेहमीप्रमाणे लक्ष्मीचा फोटो मांडला, माझ्या हजेरीपटाऐवजी ठेवलेली माझी पेन्सिल मांडली, आणि शेजारी आजोबांचा हातोडा ठेवला. भट्टी बंद पडल्यापासून तो हातोडा पूजेत नव्हता. कुठे होता हेही मला माहीत नव्हते. हळदकुंकू वाहून झाल्यावर तिने पदराच्या गाठीतून ते निपल काढले आणि हातोड्याच्या लाकडी दांड्याला टेकवून उभे केले. एवढेसे ते, सारखे कलंडत होते. शेवटी तिने चार अक्षता त्याच्या बुडाशी रचल्या, तेव्हा ते राहिले.

यंदाही भांडी घासून झाली आहेत. निपल अजून तिच्याच पदराला आहे.